पुढच्या स्टेशनला विचारा

दारावर एवढी मोठी पाटी लावली आहे, तिच्यावर ‘रेल्वे वारसा संग्रहालय’ असं तळहाताएवढ्या अक्षरांत लिहिलंय, तरी रोज एक तरी माणूस खिडकीशी येतो आणि विचारतो, "बाई, गाडी कितीला?"

मी म्हणते, "गेली."

"आणि पुढची?"

"तीही गेली. तुम्हाला मिसरूड फुटायच्या आधी गेली. आता तिकीट घ्या आणि कशी होती ते आत जाऊन बघा."

काही जण तिकीट घेतात. काही जण माझ्या तोंडाकडे बघून चालू लागतात. तोंड माझं असंच आहे, त्याला मी काय करू? जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं. वर्गभर पोरांवर आवाज चढवून चढवून तो खाली उतरायचं विसरला. निवृत्त झाले तेव्हा मुख्याध्यापकांनी भाषणात ‘बाईंचा आवाज शाळेला नेहमी आठवेल’ असं म्हटलं आणि सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन त्यांना दोन शिव्या घातल्या.

मी लग्न केलं नाही, तरी माहेर म्हणाल तर हे स्टेशन. मास्तरांच्या खोलीमागे ज्या दोन खोल्या आहेत, त्यांतल्या आतल्या खोलीत मी जन्मले. बाबा इथले स्टेशनमास्तर. पुढे लाईन टेकडीच्या पलीकडून गेली, आमचं स्टेशन बंद पडलं, रूळ उचलून नेले, आणि वर्षानुवर्षं आत नुसती कबुतरं. मग गावात कोणाला तरी उमाळा आला, समिती झाली, आणि औषधाचं दुकान चालवणारे गृहस्थ अध्यक्ष झाले. त्यांना आम्ही औषधवालेच म्हणतो. पहिल्या बैठकीत मी सगळ्यात जास्त बोलले, म्हणून मलाच संग्रहालयाची व्यवस्थापक करून टाकलं. तोंड बंद ठेवायचं असेल तर माणसाला काम द्यावं, असं औषधवाल्यांना वाटलं असणार. दोन्ही झालं नाही. म्हणजे काम केलं, पण तोंड बंद नाही झालं.

कबुतरांची घाण काढली, भिंतींना रंग दिला. तिकीट खिडकीची लाकडी फळी हातांनी झिजून मध्ये खोलगट झाली होती, सुतार ती बदलायला निघाला होता. मी त्याच्या हातातली करवत काढून घेतली. पार्सल ऑफिसातला वजनकाटा तेल घालून चालू केला. आता जो येतो तो आधी त्याच्यावर उभा राहतो आणि काटा चुकीचा आहे म्हणतो. मास्तरांच्या खोलीत टेबल, खुर्ची, घड्याळ, हिरवे-लाल झेंडे सगळं जागच्या जागी लावलं. आणि एक दिवस औषधवाले कुठून तरी कपड्याच्या दुकानातला पुतळा घेऊन आले, त्याला कोट-टोपी चढवली आणि बाबांच्या खुर्चीत बसवला. दुकानातला पुतळा, तो हसरा. बाबा त्या खुर्चीत बसून कधी हसले असतील तर शपथ.

बाबा बघायला आले. काठी टेकत खुर्चीपाशी गेले आणि उभे राहिले. पुतळा बसलेला, बाबा उभे. औषधवाले काय काय माहिती सांगत होते, बाबा मान हलवत होते. थकलेत हे दिसत होतं, पाय थरथरत होते, पण ‘याला उठवा, मला बसायचंय’ एवढं म्हणतील तर ते बाबा कसले! शेवटी मीच त्या हसऱ्याला बखोटीला धरून कोपऱ्यात ट्रंकांवर टाकला. मग बाबा बसले.

बाबा असेच. काय हवंय ते सांगणार नाहीत. आई होती तोवर निभावलं, कारण आई विचारायची. "अजून वाढू?" "पंखा लावू?" "बाहेर खुर्ची टाकू?" आणि बाबा म्हणायचे, "वाढ." "लाव." "टाक." आई गेली आणि घरात विचारणारं माणूसच उरलं नाही. मी विचारत बसत नाही. मी वाढते. पंखा मला उकडलं की लावते. बाबांचं सगळं मी जिवापाड केलं, अजूनही छाती ठोकून सांगेन. त्यांना काय लागतं ते मला पाठ आहे, मग विचारायचं कशाला?

तर बाबा न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, नशीब, पण कपाळावर खोक पडली, आणि ही बातमी मी धाकट्या भावाला सांगितली. तिथून महाभारत सुरू झालं.

धाकट्याला आम्ही बारक्या म्हणतो. लहानपणी काडी होता. आता तो मोटारीत बसला की मोटार एका बाजूला कलते, पण नाव राहिलंय. मोठ्या शहरात असतो, मोठ्या हुद्द्यावर आहे, माणूस लाखात एक, आणि अति काळजीवाला. तो म्हणाला, "बाबांना मी घेऊन येतो. आमच्याकडे लिफ्ट आहे, समोर दवाखाना आहे. तुझ्याकडे तो जिना." मी म्हटलं, "जिना बाबा कित्येक वर्षं चढताहेत. पडले ते सपाट जमिनीवर." तो म्हणाला, "ताई, हट्ट करू नकोस." हे मला! हट्ट! मी फोन आपटला. नंतर पुन्हा मीच केला, कारण आपटल्याचं त्याला नीट कळलं की नाही शंका होती.

दोन महिने आम्ही भांडलो. डॉक्टरांना मध्ये घेतलं, त्यांनी दोघांनाही ‘बरोबर आहे’ म्हणून अंग काढून घेतलं. भावजयीने नव्या खोलीचे फोटो पाठवले: पलंग, त्याला धरायचा दांडा, खिडकीत कुंडी. चांगली आहे हो पोरगी, तिच्यावर रागवायलाही जमत नाही. मी औषधवाल्यांनाही विचारलं. ते म्हणाले, दोन्हीकडे औषधं मिळतातच. हे सगळं चालू असताना बाबा समोरच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेले असायचे.

मला भीती एकच होती, स्वच्छ सांगते. बाबा गेले तर मी त्या घरात एकटी कशी राहू? सकाळी कोणाला उठवू, कोणाच्या नावाने ओरडू? जिना, लिफ्ट, दवाखाना या सगळ्या बोलायच्या गोष्टी.  आणि बारक्याने जाहीर करून टाकलं होतं की उद्घाटनाला येईन तो बाबांना घेऊनच जाईन.

उद्घाटनाला बाबांचं काम मोठं होतं. संग्रहालयाची शान म्हणजे लाईन क्लिअरचं यंत्र. लाकडी पेटी, तिला घंटा, वर काटा, मध्ये फिरवायचा दांडा आणि बाजूला फोन. ही यंत्रं जोडीनं असतात, एक या स्टेशनात, दुसरं पुढच्या. गाडी सोडायची तर आधी पुढच्या स्टेशनला घंटा द्यायची आणि विचारायचं, लाईन मोकळी आहे का? तिथला मास्तर बघणार, हो म्हणणार आणि दांडा ‘लाईन क्लिअर’वर फिरवणार. तोवर गाडी जागची हलत नाही. पुढच्या स्टेशनातलं यंत्र भंगारवाल्याकडे मिळालं. आमच्या वायरमनने एक मास्तरांच्या खोलीत बसवलं, दुसरं फलाटाच्या पार टोकाला पार्सल ऑफिसात, आणि मधून तार ओढली. ठरलं असं की मी पार्सल ऑफिसातून खोटी गाडी सोडायची आणि बाबांनी ती आपल्या स्टेशनात घ्यायची. लोकांनी बघायचं.

बाबा मला शिकवायला लागले आणि त्यांच्या अंगात मास्तर संचारला. पहिल्याच दिवशी मी घंटा दाबली, दांडा सरळ ‘गाडी लाईनवर’ला फिरवला आणि फोनवर म्हटलं, "सोडली हो बाबा."

पलीकडून आवाजच नाही. थोड्या वेळाने फलाटावर काठीची टकटक ऐकू आली. ती एवढी मोठी वाट तुडवत बाबा स्वतः आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "कोणाला विचारून सोडलीस?"

"घंटा दिली की."

"घंटा म्हणजे नुसतं ‘लक्ष द्या’. विचारलं कुठे? खरं यंत्र असतं तर दांडा फिरलाच नसता. त्या वायरमनने आतलं कुलूप काढलंय म्हणून फिरला."

"अहो, पण तुम्ही हो म्हणालाच असतात ना?"

"म्हणालो असतो. पण म्हणालो नव्हतो."

मी कपाळाला हात लावला. "बरं मग असं करा. मी विसरले तर तुम्हीच आपणहून दांडा फिरवून ठेवत जा. काम झालं."

बाबा माझ्याकडे असे बघायला लागले, की मी जणू त्यांना चोरी करायला सांगितली. "न विचारता लाईन क्लिअर देता येत नाही," ते म्हणाले. "लाईन मोकळी असो, मास्तर रिकामा असो, दिवसभर बसून राहील. पण पलीकडून विचारल्याशिवाय तो दांड्याला हात लावत नाही. नियम आहे."

"काय हट्टी माणसं हो तुम्ही रेल्वेची!" मी म्हटलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आठवडाभर सराव केला. निम्म्या वेळा तरी मी विचारायचं विसरले.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. गाव लोटलं. शाळेतली माझी जुनी पोरं आता आपापली पोरं घेऊन आली होती आणि मला बघून अजूनही पोट आत घेत होती. मी पहाटेपासून स्टेशनातच होते. बारक्या सकाळी पोचला, घरी गेला, बाबांना आपल्या मोटारीतून घेऊन आला. बाबांच्या अंगावर कोट, दाढी गुळगुळीत. पाहुण्यांनी फीत कापली, औषधवाल्यांचं भाषण झालं, ते संपलं असं वाटून दोनदा टाळ्या झाल्या, आणि मग सगळी मंडळी मास्तरांच्या खोलीत घुसली. आत मावेनात ती खिडक्यांना लटकली. पार्सल ऑफिसात मी एकटीच, तर बारक्या म्हणाला, "चल, मी येतो तुझ्याबरोबर. मदत करतो." काय मदत करणार होता कोण जाणे.

वायरमन सकाळी येऊन काहीतरी खुडबुड करून गेला होता. जाताना म्हणाला, "बाई, तिकडे स्पीकर लावलाय. सगळ्यांना दोन्हीकडचं ऐकू येईल." मी हो हो म्हटलं. फोन उचलून एकदा कानाला लावून बघितला, चालू होता. टेबलावर ठेवला. तिकडे लोक स्थिरावले की बाबा सुरू करायची घंटा देणार होते, तिची वाट बघत बसले.

बारक्या वजनकाट्यावर उभा राहिला, आकडा बघून उतरला, आणि सहज, अगदी सहज म्हणाला, "ताई, बाबांचे स्वेटर कुठे असतात गं? मला दोनच सापडले."

"सापडले म्हणजे? तू कपाट उघडलंस?"

"बॅग भरली ना. गाडीत ठेवलीय. समारंभ झाला की इथूनच निघू, उगाच परत जिना नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कोणाला विचारून भरलीस?"

"तू कोणाला विचारून त्यांना ठेवून घेतेस?"

"मला विचारावं लागतं? मी मुलगी आहे त्यांची."

"आणि मी काय शेजारचा आहे?"

"तुझ्या त्या उंच मजल्यावर ते काय करणार? खिडकीतून ढग मोजत बसणार? इथे चार माणसं ओळखीची आहेत, स्टेशन आहे. तिथे तुम्ही दोघं दिवसभर बाहेर."

"मी संध्याकाळी लवकर येईन. तसं ऑफिसात सांगून ठेवलंय. ताई, तुला खरं सांगू? तुला त्यांची सवय झालीय, दुसरं काही नाही."

"सवय? गाढवा, माया आहे ती! माया! घशाखाली घास उतरत नाही माझ्या ते जायचं नाव काढलं की. कळतं का तुला?"

"मग मला नाही का माया?" बारक्याचा आवाज एकदम फुटला. एवढा मोठा माणूस, घोड्यासारखा वाढलेला. "तू जन्मभर त्यांच्याजवळ राहिलीस. मी किती राहिलो? इथे पुढची शाळा नाही म्हणून दहाव्या वर्षी ट्रंक देऊन गाडीत बसवलं मला. त्यानंतर मी आपल्या घरात पाहुणाच. सुट्टीत यायचो तर आई चांगलं ताट काढायची. तुला साधं, मला चांगलं. मला नको होतं ते चांगलं ताट! मला ते नुसते घरात बसलेले हवेत, ताई. बोलू नयेत. समोर पेपर वाचत बसावेत. तुला ते रोज मिळालं, म्हणून तुला त्याचं काही वाटत नाही."

मी तोंड उघडलं. 

आणि घंटा वाजली.

मी दचकून टेबलाकडे बघितलं. फोन तसाच आडवा पडला होता, जागेवर नव्हता.  मी तो उचलला.

"पार्सल ऑफिस," पलीकडून बाबांचा आवाज, अगदी ड्यूटीवरचा.

"हो बाबा."

"फोन जागेवर ठेवायचा असतो."

"चुकलं."

"इकडे स्पीकर चालू आहे. सगळं गाव उभं आहे."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. फोनमधून कुणीतरी खोकल्याचं ऐकू आलं, आणि कुणीतरी जोरात नाक शिंकरलं. ते औषधवाले होते, नंतर कळलं. बारक्या माझ्या कानाला कान लावून उभा, लालबुंद.

बाबा म्हणाले, "दोन्हीकडून दोन गाड्या सोडल्यात तुम्ही, एकाच लाईनवर. पण ज्या स्टेशनात यायच्या, त्याला कोणी विचारलं नाही. तो मास्तर दोन महिने बसून आहे."

 दोन महिने! डॉक्टरांना विचारलं, भावजयीला विचारलं, औषधवाल्यांना विचारलं. समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला नाही विचारलं. मला वाटत होतं बाबांना यात पडायचं नाही. बारक्याला वाटत होतं बाबा माझ्या धाकाने गप्प आहेत. आणि बाबा वाट बघत होते. लाज वाटली मला, फार वाटली.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्हाला..."

"आत्ता नाही. घरचं घरी. आधी गाडीचं बघ, लोक खोळंबलेत."

मग मी घंटा दिली. थांबले. बाबांनी उलट घंटा दिली. मी विचारलं, "लाईन क्लिअर?" माझा आवाज एवढासा आला, माझा म्हणून कोणी ओळखला नसता. बाबांनी सावकाश, खणखणीत सांगितलं, "लाईन क्लिअर," आणि माझ्या पेटीवरचा काटा हलला. तिकडे टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. लोक म्हणतात, कार्यक्रम फारच छान झाला, पुढच्या वर्षी पण हेच ठेवा.

दिवस मावळायच्या सुमारास गर्दी पांगली. औषधवाल्यांनी जाताना माझ्या पाठीवर थोपटलं, एक शब्द न बोलता, तेव्हा मला त्यांचा पहिल्यांदाच राग आला नाही. आम्ही तिघं प्रतीक्षालयातल्या लांब बाकावर बसलो, बाबा मध्ये. ‘बाकावर बसू नये’ अशी पाटी मीच लावली होती, ती बारक्याने उलटी करून ठेवली. 

"विचार," बारक्या हळूच म्हणाला.

"तू विचार."

"तू मोठी."

मला विचारायचं नव्हतं. उत्तर काय येईल याची धाकधूक होती, आणि विचारलं की उत्तर येणारच. पण विचारलं. "बाबा, तुम्हाला कुठे राहायचंय?"

एवढंच तर होतं. एका श्वासात संपलं.

बाबांनी काठी दोन्ही पायांच्या मध्ये धरली. "बारक्याकडे," ते म्हणाले.

 मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.  एवढं केलं, एवढं केलं, आणि बारक्याकडे. आधी राग आला, खोटं कशाला बोलू. मग रागही टिकेना.

"तुझ्याकडे मला काही कमी नाही," बाबा म्हणाले. "तू कधी कमी पडू दिलं नाहीस. तुझ्या पावलांवरून मला कळतं तू कशी आहेस. हा कसा आहे, मला माहीत नाही. काय खातो, कशाला घाबरतो, झोप लागते का. पोटचा मुलगा आहे आणि मला माहीत नाही."

बारक्या खाली मान घालून बसला होता.

"हा गेला त्या दिवशी ड्यूटीवर मीच होतो," बाबा म्हणाले. "घंटा दिली. पुढच्या स्टेशनला विचारलं. गार्डला विचारलं. ड्रायव्हरला विचारलं. सगळ्यांना विचारून मीच हिरवा झेंडा दाखवला. याला नाही विचारलं. हा खिडकीत होता. रडत नव्हता, नुसता बघत होता."

आता बारक्या रडायला लागला. आवाज करून, नाक ओढत, दहा वर्षांच्या पोरासारखा. ज्याची सरशी झाली तो असा रडतोय आणि जिची हार झाली ती त्याला रुमाल देतेय, अशी आमची तऱ्हा. बाबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळले.

"पण तुलाही विचारायला हवं," ते म्हणाले. "मी जाऊ?"

मला वाटलं होतं मी काहीतरी शहाण्यासारखं बोलेन. "नका जाऊ," मी म्हटलं. "मला अजिबात नकोय तुम्ही जायला. मला करमणार नाही. घर खायला उठेल." आणि मग तोंडावर पदर धरून जेवढं रडायचं तेवढं रडून घेतलं. नंतर म्हटलं, "पण जा. जा तुम्ही."

"रिटर्नवर जातोय," बाबा म्हणाले. "थंडी सरली की येईन."

त्यांचं वय बघता थंडी सरेपर्यंतचं कोणी सांगावं? हे मला कळत होतं आणि त्यांनाही. पण मी म्हटलं, "येईन नाही, यायचंच," आणि बारक्याला म्हटलं, "ऐकलंस ना रे?" तो म्हणाला, "स्वतः आणून सोडतो." मग मी ती बॅग पुन्हा उघडायला लावली. तीन कोट कोंबले होते आणि पायमोजा एक नाही! असल्या माणसाच्या हातात बाप देताना जिवाचं काय होत असेल, विचार करा. सगळं काढून नीट घडी घालून भरलं, उरलेले स्वेटर घातले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

त्यानंतर मी संग्रहालयात दिवसभर बसायला लागले. लोकांवर ओरडायला मिळायचं, तेवढंच बरं वाटायचं. संध्याकाळी घरी आले की काही सुचायचं नाही. एकटीसाठी भांडं चढवायचं जिवावर यायचं. दूध-बिस्किटावर भागवायचे. बारक्या फोन करायचा, बाबा मजेत आहेत, आज लिफ्टने दोनदा खाली-वर केलं, भावजयीला गाड्यांचे नियम समजावून सांगत होते, असं काय काय सांगायचा. बाबा स्वतः फोनवर येत नसत. फोन कामासाठी असतो, गप्पांसाठी नाही, हे त्यांचं कायमचं.

एका संध्याकाळी फोन वाजला. मी उचलला तर बाबा.

मी घाबरले. "काय झालं? बरं आहे ना?"

"बरं आहे," बाबा म्हणाले. मग थोडं थांबून, "जेवलीस का?"

"हो, जेवले."

"काय केलं होतंस?"

 भाजी म्हणावं तर कसली, ते सुचेना. माझ्यासारखी बाई, जिने पोरांचे हजार खोटे बहाणे पकडले, ती एका साध्या प्रश्नाला अडकली.

"जेवली नाहीस," बाबा म्हणाले. "एकटीसाठी तू करत नाहीस. मला माहीत आहे. ऊठ, काहीतरी कर."

"करते हो नंतर."

"आत्ता कर. फोन ठेवू नकोस. मी थांबतो."

"अहो, तुम्ही किती वेळ थांबणार? बारक्याचं बिल..."

"तू कर."

मी उठले. फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवला. दिवा लावला, कढई धुतली, कांदा घेतला. फोनमधून बारक्याच्या घरातले आवाज येत होते. भांडी वाजत होती, टीव्ही चालू होता. बारक्याने विचारलं, "बाबा, कोणाशी बोलताय?" आणि बाबा म्हणाले, "बोलत नाहीये. ताईचं जेवण व्हायचंय." मग कुणीतरी टीव्हीचा आवाज बारीक केला.

मी कांदा चिरत होते, दोन अंडी काढून ठेवली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि या वेळी ते कांद्यानेच होतं असं मी म्हणणार नाही. बराच वेळ पलीकडून काही ऐकू आलं नाही. मी सुरी खाली ठेवली.

"बाबा, आहात ना?"

"आहे," बाबा म्हणाले.